दगडाखालची वाळू



इंदापूर तालुक्यातील पळसदेव वा कळाशीच्या काठी वैशाखातील वादळी सायंकाळी जो उभा राहिला असेल, त्यास लाटा पाहण्यासाठी कोकणात जाण्याचे प्रयोजन नाही. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि नदीच्या जागी जणू सागरच पसरला. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी नाव याच पाण्यात वादळात उलटली आणि सहा जीव गेले. वाऱ्याने उठणाऱ्या अशा लाटांपुढे काठावरचे दगड का टिकतात, का खचतात, आणि त्यांना टिकविण्याची विद्या मनुष्याने कशी मिळविली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

माझ्या शिक्षकीच्या काळात बारामतीच्या जिरायत भागातील एका गावी पाझर तलाव होता. बांधाच्या पाण्याकडील अंगास दगडांचे अस्तर, ज्यास कामावरची माणसे पिचिंग म्हणतात, ते घातलेले होते. ते मधोमध खचू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यावर अधिक मोठे दगड टाकले. तेही खचले. पुन्हा टाकले, पुन्हा खचले. अखेर एका वृद्ध गवंड्याने चार दगड उचलून आम्हास खालची पोकळी दाखविली. "गुरुजी, दगडाला काही झालेलं नाही, खालची मातीच निघून गेली," तो म्हणाला.

हे कसे घडते? लाटेचा माथा वरून जाताना पाणी दगडांच्या फटींतून आत दाबले जाते. तिचा खळगा येताच तेच पाणी उसळून बाहेर येते व येताना वाळूचे कण घेऊन येते. दगड मोठे, तेवढ्या फटीही मोठ्या. म्हणून नुसता मोठा दगड हा उपाय नव्हे. मुलांना मी हे परातीत दाखवीत असे. तळाशी भीमेची बारीक वाळू, तिच्यावर खडे, वर पाणी. परात काही वेळ हलविली की खडे हळूहळू वाळूत बसत. समुद्रात हाच खेळ खोलवर चालतो. लाटेच्या लांबीच्या सुमारे निम्म्या खोलीपर्यंत तिची हालचाल पोचते. म्हणजे शंभर मीटर लांबीची लाट पन्नास मीटरपर्यंतचा तळ चाळवू शकते.

आपल्या पूर्वजांनी या शत्रूस टाळले. १६६४ साली मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, ते कुरटे बेटाच्या खडकावर. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे प्रचंड चिरे चुन्यावाचून रचलेले आहेत. फटींत शिरून लाटेचा जोर विरतो, असे त्याचे कारण सांगतात. तोही खडकावरच उभा आहे. खाली वाळूच नसेल, तर फटींतून निघून जाणार काय?

परंतु पुढे आगगाडीचे पूल जेथे बांधणे भाग पडले, त्या पंजाबच्या नद्यांत खडक हाती लागेना. तेथे लाटेऐवजी प्रवाह वाळू नेत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल नावाच्या इंजिनियराने निराळीच युक्ती योजिली. वाळू जाणारच, हे गृहीत धरून त्याने बांधाच्या पायथ्याशी दगडांचा जादा साठा पसरून ठेविला. वाळू खणली गेली की ते दगड आपोआप घसरून उघडा पडलेला उतार झाकीत. विसाव्या शतकात तेर्झागी या ऑस्ट्रियन पंडिताने दुसरा मार्ग नियमबद्ध केला: वाळूवर जाड रेती, तिच्यावर खडी, मग मोठा दगड, वरच्या थराच्या फटी इतक्याच असाव्यात की खालचे कण अडावेत आणि पाणी मात्र मोकळे वाहावे. आपल्या जिल्ह्यातही खडकवासल्यास, १९१६ साली मुंबई इलाख्याने काढलेल्या शाखेतून वाढलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांवर लाटा सोडते व धक्क्यांची परीक्षा पाहते.

एवढे ज्ञान असूनही निसर्ग चूक काढतोच. डेन्मार्कजवळच्या उत्तर समुद्रात २००२ साली हॉर्न्स रेव्ह येथे ऐंशी पवनचक्क्या उभारल्या. त्यांच्या खांबांभोवती दगडांचे थर घातलेले होते. तरी तीनच वर्षांनी काही ठिकाणी ते दीड मीटरपर्यंत खाली बसलेले आढळले. खांबाशी पाण्याचे भोवरे उठून त्यांनी दगडांच्या फटींतून वाळू शोषून नेली होती.

आमच्या गावच्या बांधाची गोष्ट अपुरी राहिली. त्या गवंड्याने सगळे दगड उतरविले, पोकळी भरून ठोकून घेतली, जाड रेती व खडी पसरली आणि तेच जुने दगड पुन्हा रचले. नवा दगड एकही लागला नाही. माझी बदली होईतो ते अस्तर हलले नव्हते. आज तालुक्यात जेथे जेथे मातीचे बांध आहेत, तेथे दगडांचे अस्तर कोठे वाटीसारखे खोलगट झाले आहे काय, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे. आणि झालेले दिसले, तर वर दगड टाकण्याआधी दोन दगड उचलून पाहावे. बांध फुटल्यावर खालच्या वस्तीस ते पाहण्याची सवड राहत नाही.