कंदिलाच्या उजेडातली जखम

१२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलेल्या गांधीजींवर कर्नल मॅडॉक आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करत होते. मध्येच वादळाने वीज गेली, मग टॉर्चही विझला. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले.

हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात गांधीचरित्रे चाळताना माझी नजर अडली ती पुढच्या एका ओळीवर. जखमेत पू धरला, प्रकृती अपेक्षेपेक्षा हळू सुधारली आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडले.

मी डॉक्टर नाही. पण प्रश्न पडला, की आत काय चालले आहे हे तेव्हा कळत कसे असेल? ताप, नाडी, जखमेची लाली आणि बोटांना जाणवणारा कढतपणा, एवढाच आधार. राँटगेनच्या शोधाला २८ वर्षे झाली होती. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात हाड उठून दिसते, पू आणि स्नायू मात्र जवळजवळ सारखेच दिसतात.

गांधीजींचा पू एका जागी राहिला. तोच जंतुसंसर्ग स्नायूंवरच्या पडद्यांतून पसरला तर काही तासांत माणूस हातचा जातो. योगायोग असा, की त्याच १९२४ साली फ्रँक मेलेनी यांनी पेकिंगमधल्या अशा २० रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पेनिसिलीनचा शोध अजून चार वर्षे दूर होता. लवकर छेद घेणे, हाच उपाय.

१९७१ मध्ये लंडनला सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला गेला. पुढे एमआरआय आले. सुजलेले पडदे, त्यांच्यात साचलेला द्रव, वायूचे बुडबुडे आता दिसू लागले. तरी शस्त्रक्रियेनंतरचे चित्र फसवे असते. जखमेत शिरलेली साधी हवा काही दिवस तिथेच राहते, म्हणून बुडबुडा दिसला की सडणे सुरू झाले असे नव्हे. उलट मेलेनींनी पाहिलेल्या प्रकारात पुष्कळदा वायू नसतोच, म्हणून बुडबुडा नाही यावरून रोग नाही असेही ठरत नाही.

त्यामुळे रुग्ण खालावत असेल तर शल्यविशारद स्कॅनसाठी थांबत नाहीत. लहानसा छेद घेऊन बोट आत घालतात. घट्ट चिकटलेले थर सहज सुटले आणि भांडी धुतलेल्या पाण्यासारखा गढूळ द्रव आला, की निदान झाले. शंभर वर्षांत उजेड खूप वाढला. शेवटची खात्री मात्र अजून बोटांनीच करावी लागते.