क्वांट
सोव्हिएट रशियाच्या मिर या अवकाश स्थानकाला जोडण्यात आलेले पहिले संशोधन दालन. मूळ स्थानक २० फेब्रुवारी १९८६ रोजी कक्षेत गेले. तथापि ते मुख्यतः निवासाचे व नियंत्रणाचे केंद्र होते. वैज्ञानिक उपकरणे पुढे जोडावयाच्या दालनांतून यावयाची होती. त्यांपैकी क्वांट ३१ मार्च १९८७ रोजी बैकोनूर येथून प्रोटॉन रॉकेटाच्या साहाय्याने सोडण्यात आले. त्याची लांबी सु. ५.८ मी., कमाल व्यास ४.१५ मी. व वजन सु. ११ टन होते. त्याला स्वतःची एंजिने नसल्याने स्थानकापर्यंत नेण्यासाठी एक स्वतंत्र यान जोडलेले होते.

५ एप्रिल रोजी जोडणीचा पहिला प्रयत्न फसला व क्वांट स्थानकाजवळून पुढे निघून गेले. ९ एप्रिल रोजी ते स्थानकाला टेकले, पण घट्ट बसेना. ११ एप्रिल रोजी यूरी रोमानेंको व अलेक्सांद्र लाव्हेइकिन हे अंतराळवीर बाहेर पडले, तेव्हा जोडणीच्या फटीत कचऱ्याची एक पिशवी अडकलेली आढळली! ती ओढून काढल्यावर जोडणी पूर्ण झाली.

दालनात क्ष-किरण उपकरणांची वेधशाळा होती. सोव्हिएट उपकरणाबरोबरच पश्चिम जर्मनी, नेदर्लंड्स, ब्रिटन व यूरोपीय अवकाश संस्था यांची उपकरणे तीत होती. शीतयुद्धाच्या काळात हे सहकार्य लक्षणीय म्हटले पाहिजे. जंबुपार प्रारणाचे वेध घेणारी ग्लाझार ही दुर्बीणही त्यात होती.

क्वांटला खरी कीर्ती मिळाली ती एका योगायोगाने. त्याच्या उड्डाणापूर्वी पाचच आठवडे, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी, मोठ्या मॅगेलनी मेघातील एका ताऱ्याच्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचला होता. अशा स्फोटात निकेल–५६ निर्माण होते व त्याच्या क्षयातून किरणोत्सर्गी कोबाल्ट–५६ तयार होते, असे सिद्धांत सांगत होता. कोबाल्टपासून निघणारे गॅमा किरण स्फोटात उडालेल्या द्रव्यात वारंवार विखुरले जाऊन ऊर्जा गमावतात आणि भेदक क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतात. ऑगस्ट १९८७ मध्ये क्वांटवरील उपकरणांनी हे किरण टिपले. रशीद सुन्यायेव्ह यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्यांचा अभ्यास केला. हे किरण अपेक्षेपेक्षा काही महिने आधीच दिसू लागले होते. यावरून, ताऱ्याच्या गाभ्याजवळ निर्माण झालेले द्रव्य खोलवर दडून न राहता स्फोटातच बाहेरच्या थरांत मिसळले असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

पुढे डच-ब्रिटिश दुर्बिणीचा शोधक निकामी झाला. अवकाशात दुरुस्ती करता येईल अशी तिची रचनाच नव्हती. व्लादिमिर टिटॉव्ह व मुसा मनारॉव्ह यांचा जून १९८८ मधील प्रयत्न हत्यार मोडल्याने सोडून द्यावा लागला. २० ऑक्टोबर रोजी मात्र त्यांनी नवा शोधक बसविला.

स्थानकाची दिशा इंधनाविना स्थिर राखणारी घूर्णी चक्रे व हवा शुद्ध राखणारी साधने याच दालनात असल्याने क्वांट स्थानकाच्या नित्य व्यवहाराचा भाग बनले. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी येथेच ऑक्सिजन निर्माण करणाऱ्या एका नळकांड्याने पेट घेतला. त्या वेळी स्थानकावर सहा जण होते आणि परतीच्या दोन यानांपैकी एकाची वाट आगीमुळे अडली होती. आग विझविण्यात यश आले व कोणासही गंभीर दुखापत झाली नाही. २३ मार्च २००१ रोजी मिर स्थानक नियंत्रितपणे वातावरणात उतरविण्यात आले. त्याच्याबरोबर क्वांटही नष्ट होऊन उरलेले अवशेष दक्षिण पॅसिफिक महासागरात पडले.