नवशिक्यांसाठीचे कॅमेरा ड्रोन

नवशिक्यांसाठीचा कॅमेरा ड्रोन म्हणजे हवाई छायाचित्रण व चलचित्रण शिकण्यासाठी प्रथमच घेतला जाणारा, आकाराने लहान आणि तुलनेने कमी किमतीचा दूरनियंत्रित ड्रोन होय. हे ड्रोन बहुधा चार पंख्यांचे, म्हणजे क्वाडकॉप्टर प्रकारचे असतात. त्यांचे नियंत्रण हातातील रिमोटने किंवा स्मार्टफोनवरील अ‍ॅपने केले जाते आणि कॅमेऱ्यातील दृश्य उड्डाण चालू असतानाच पडद्यावर दिसते.

मर्यादित खर्चात अशा ड्रोनची निवड करताना जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या रिझोल्यूशनपेक्षा ड्रोनचे वजन, कॅमेऱ्याचे स्थिरीकरण, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि बॅटऱ्या व सुट्या भागांची उपलब्धता हे घटक अधिक निर्णायक ठरतात. भारतात यात आयातबंदी व नोंदणीच्या अटींची भर पडते. त्यामुळे स्वस्तात मिळालेला ड्रोन कायदेशीररीत्या उडवता येईलच असे नाही.

पार्श्वभूमी

ग्राहकांसाठीच्या कॅमेरा ड्रोनचा प्रसार २०१० नंतर झाला. फ्रान्समधील पॅरट कंपनीने २०१० मध्ये सादर केलेला एआर.ड्रोन वाय-फायद्वारे स्मार्टफोनवरून उडवता येत असे. चीनमधील डीजेआय कंपनीचा फँटम हा ड्रोन २०१३ च्या सुरुवातीस बाजारात आला. त्याला स्वतःचा कॅमेरा नव्हता. वेगळा लहान कॅमेरा खाली बसवावा लागे. याच कंपनीने २०१६ मध्ये मॅव्हिक प्रो हा घडी घालता येणारा ड्रोन आणला आणि हवाई छायाचित्रणाचे साधन पाठीवरच्या पिशवीत मावू लागले.

कमी किमतीच्या गटात २०१८ मध्ये आलेला टेलो (वजन सुमारे ८० ग्रॅम, ७२०पी चलचित्रण, १३ मिनिटांपर्यंत उड्डाण) आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेला मॅव्हिक मिनी (२४९ ग्रॅम, २.७के चलचित्रण, ३० मिनिटांपर्यंत उड्डाण) हे महत्त्वाचे टप्पे मानले जातात. अमेरिकेत सादर होताना टेलोची किंमत ९९ डॉलर, तर मॅव्हिक मिनीची ३९९ डॉलर होती. या फरकाचे मुख्य कारण म्हणजे मॅव्हिक मिनीमध्ये असलेले आणि टेलोमध्ये नसलेले त्रिअक्षीय गिम्बल व उपग्रह स्थाननिश्चिती हे दोन घटक.

महाराष्ट्रातील सर्वसामान्य प्रेक्षकांना चार पंख्यांच्या कॅमेरा ड्रोनची ओळख २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या हिंदी चित्रपटातून झाली. त्यात दिसणारा ड्रोन मुंबईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या आयडियाफोर्ज कंपनीने बनवला होता.

वजन

अनेक देशांच्या नियमांत २५० ग्रॅम ही वजनाची महत्त्वाची सीमा आहे. अमेरिकेत केवळ छंदासाठी उडवल्या जाणाऱ्या ड्रोनची नोंदणी या वजनापुढे अनिवार्य होते. युरोपीय संघात याहून हलक्या ड्रोनला बऱ्याच सवलती मिळतात. मात्र ड्रोनला कॅमेरा असल्यास चालकाची नोंदणी सहसा करावीच लागते. उत्पादकांनी आपले लहान ड्रोन २४९ ग्रॅमच्या आसपास ठेवण्याचे कारण हेच आहे. जपानमध्ये ही सीमा पूर्वी २०० ग्रॅम असल्याने मॅव्हिक मिनीची १९९ ग्रॅमची वेगळी आवृत्ती तेथे विकली गेली. पुढे २०२२ मध्ये जपानने ही सीमा १०० ग्रॅमवर आणली.

नियमांत धरले जाणारे वजन हे बॅटरी व इतर जोडण्यांसह उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन असते. पंख्यांभोवतीची संरक्षक जाळी किंवा अधिक क्षमतेची बॅटरी लावल्यास २४९ ग्रॅमचा ड्रोन ही सीमा ओलांडून वरच्या वर्गात जातो. हलकेपणाची दुसरी बाजू म्हणजे असा ड्रोन वाऱ्याने लवकर ढकलला जातो.

कॅमेरा

रिझोल्यूशन: ४के चित्रचौकटीत ३,८४० × २,१६० म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात, तर फुल एचडी चौकटीत १,९२० × १,०८० म्हणजे सुमारे २१ लाख. अतिशय स्वस्त ड्रोनच्या वेष्टनावर ‘४के’ लिहिलेले असले तरी त्यांतील काहींचा सेन्सर तेवढे बिंदू टिपतच नाही. कमी बिंदूंचे चित्र सॉफ्टवेअरने मोठे केले जाते. काहींमध्ये केवळ स्थिरचित्रे ४के असतात आणि चलचित्रण बरेच खालच्या दर्जाचे असते. त्यामुळे चलचित्रणाचे रिझोल्यूशन, दर सेकंदाच्या चौकटी आणि डेटाचा दर हे तीन आकडे एकत्र पाहावे लागतात.

सेन्सर: सेन्सरचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका प्रकाश अधिक टिपला जातो आणि पहाट-संध्याकाळच्या चित्रांत ठिपके कमी येतात. प्राथमिक ड्रोनमध्ये बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. त्यापेक्षा महाग लहान ड्रोनमध्ये आढळणाऱ्या १/१.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या दुपटीहून अधिक असते.

स्थिरीकरण: उडताना ड्रोन सतत कलतो व थरथरतो. गिम्बल हे लहान मोटरींवर तोललेले साधन कॅमेऱ्याला उलट दिशेने फिरवून क्षितिज सरळ ठेवते. त्रिअक्षीय गिम्बल तिन्ही अक्षांवरील हालचाल सावरते. गिम्बल नसलेले ड्रोन इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण वापरतात. त्यात चित्राच्या कडा कापून उरलेला भाग स्थिर दाखवला जातो. ही पद्धत अंधूक प्रकाशात व जोरदार वाऱ्यात अपुरी पडते. त्यामुळे गिम्बल असलेल्या २.७के ड्रोनचे चलचित्रण गिम्बल नसलेल्या ४के ड्रोनपेक्षा बहुधा अधिक पाहण्याजोगे होते.

उड्डाण यंत्रणा

उपग्रह स्थाननिश्चिती असलेला ड्रोन नियंत्रकावरील बोटे काढताच हवेत जागच्या जागी थांबतो. ती नसलेला ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि नवशिक्याला त्याला सावरण्याबरोबरच चित्रणही करावे लागते. अशा ड्रोनमध्ये कधी कधी खाली पाहणारा छोटा कॅमेरा जमिनीवरील खुणांच्या आधारे स्थिरता देतो. परंतु पाण्यावर, अंधारात किंवा एकसारख्या रंगाच्या पृष्ठभागावर तो निकामी ठरू शकतो.

स्थाननिश्चितीमुळे स्वयंचलित परतीची सोयही मिळते. नियंत्रकाशी संपर्क तुटल्यास किंवा बॅटरी उतरल्यास ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि उड्डाणस्थळाकडे सरळ रेषेत येतो. कमी किमतीच्या बहुतेक ड्रोनना समोरचे अडथळे ओळखता येत नाहीत. परतीची उंची आसपासची झाडे, मनोरे व कडे यांपेक्षा कमी ठेवलेली असल्यास ही सोयच अपघाताचे कारण होते. उड्डाणापूर्वी पुरेसे उपग्रह सापडून परतीचे ठिकाण नोंदले गेले आहे की नाही, हेही पाहणे आवश्यक असते.

खेळण्यांच्या गटातील ड्रोनमध्ये ब्रश असलेल्या मोटरी असतात. त्या स्वस्त असल्या तरी लवकर झिजतात. ब्रशविरहित मोटरी अधिक टिकाऊ व कार्यक्षम असल्याने छायाचित्रणाच्या ड्रोनमध्ये त्याच वापरल्या जातात.

बॅटरी

वेष्टनावरील उड्डाणकाळ बहुधा वारा नसताना आणि बॅटरी जवळजवळ पूर्ण संपेपर्यंत मोजलेला असतो. प्रत्यक्षात परतीसाठी व सुरक्षित उतरण्यासाठी सुमारे एक चतुर्थांश चार्ज राखून ठेवला जातो. त्यामुळे ३० मिनिटांच्या ड्रोनकडून साधारण २० मिनिटांचे उपयुक्त चित्रण अपेक्षित असते, आणि १० मिनिटांच्या ड्रोनकडून त्याहून पुष्कळच कमी. या कारणाने दुसरी बॅटरी ही चैनीची वस्तू न मानता मूळ खर्चातच धरली जाते.

लिथियम बॅटऱ्या फुगल्यास किंवा त्यांना छिद्र पडल्यास पेट घेऊ शकतात. दीर्घकाळ न वापरता ठेवायच्या असल्यास त्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या न ठेवता साधारण निम्म्या चार्जवर, थंड व कोरड्या जागी ठेवल्या जातात. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या सोबतच्या हातसामानातच न्याव्या लागतात.

एकूण खर्च

पहिल्या ड्रोनचा खर्च केवळ यंत्राच्या किमतीवर संपत नाही. त्यात पुढील बाबी येतात:

– किमान एक जादा बॅटरी
– पंख्यांचे जादा संच (सरावाच्या काळात सर्वाधिक मोडणारा भाग)
– पुरेशा लेखनवेगाचे मेमरी कार्ड
– ड्रोन व गिम्बल सुरक्षित राहील अशी पिशवी
– दुरुस्ती, तसेच लागू असल्यास विमा

मेमरी कार्डाची गरज चित्रणाच्या डेटा-दरावर ठरते. सेकंदाला १०० मेगाबिट दराने केलेले एका मिनिटाचे चित्रण सुमारे ७५० मेगाबाइट जागा घेते. हाती असलेली सर्व रक्कम यंत्रावरच खर्च केल्यास पहिल्या आदळण्यानंतर ड्रोन तसाच पडून राहण्याची शक्यता असते. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवर सरसकट ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यापूर्वी अंगभूत कॅमेऱ्याच्या ड्रोनवर १८ टक्के व वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्के कर होता.

वापरलेला ड्रोन कमी किमतीत मिळतो. तो घेताना बॅटरीची फुगवट, चार्जिंगच्या आवर्तनांची संख्या, गिम्बलची मुक्त हालचाल, हातांच्या बिजागऱ्यांवरील तडे आणि आधीच्या मालकाच्या खात्यातून ड्रोन मोकळा केला आहे का, या गोष्टी तपासल्या जातात.

भारतातील नियम

भारतात ड्रोनचा वापर ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार नियंत्रित केला जातो. या नियमांत वजनानुसार पाच वर्ग आहेत:

– नॅनो: २५० ग्रॅमपर्यंत
– मायक्रो: २५० ग्रॅमपेक्षा अधिक ते २ किलोग्रॅम
– लहान: २ किलोग्रॅमपेक्षा अधिक ते २५ किलोग्रॅम
– मध्यम: २५ किलोग्रॅमपेक्षा अधिक ते १५० किलोग्रॅम
– मोठा: १५० किलोग्रॅमपेक्षा अधिक

‘डिजिटल स्काय’ या शासकीय ऑनलाइन मंचावर ड्रोनची नोंद करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे ही नियमांतील सर्वसाधारण अट आहे. नॅनो ड्रोनला प्रकार-प्रमाणपत्र, चालकाचे प्रमाणपत्र आणि त्रयस्थ विमा यांची अट नाही. मायक्रो ड्रोन अव्यावसायिक कारणासाठी उडवताना चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु मोबदला घेऊन लग्नसमारंभाचे चित्रण करणे हा व्यावसायिक वापर असल्याने त्यासाठी ते लागते. हे प्रमाणपत्र १८ ते ६५ वर्षे वयाच्या, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीस मिळते. मायक्रो ड्रोनच्या प्रतिकृतीला प्रकार-प्रमाणपत्र असणेही आवश्यक असल्याने ते नसलेला परदेशी ड्रोन नोंदणीत अडकतो.

केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन व विकास, संरक्षण आणि सुरक्षा या कारणांसाठी ठरावीक प्रक्रियेने आयात करता येते. सुट्या भागांच्या आयातीला ही बंदी लागू नाही. परदेशातील नातेवाइकांकडून ड्रोन मागवणेही त्यामुळे सुरक्षित पर्याय राहिलेला नाही, कारण प्रवाशाला सोबतचा ड्रोन सीमाशुल्क विभागाकडे जाहीर करावा लागतो आणि तो अडवला जाऊ शकतो. बाजारात बिलाशिवाय मिळणाऱ्या परदेशी ड्रोनला अधिकृत हमी व दुरुस्तीचा आधार बहुधा नसतो.

डिजिटल स्कायवरील नकाशात हवाई क्षेत्र हिरव्या, पिवळ्या व लाल विभागांत दाखवलेले असते. हिरव्या विभागात भूपृष्ठापासून ४०० फूट (१२० मीटर) उंचीपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटर अंतरावरील पट्ट्यात ही उंची २०० फूट आहे. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि ही अट नॅनो ड्रोनलाही लागू आहे. याखेरीज मुंबईसारख्या शहरांत पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन उड्डाणास मनाई करतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यातील किल्ले व लेणी तसेच व्याघ्रप्रकल्प येथे संबंधित विभागाची परवानगी घ्यावी लागते. नियमभंगासाठी १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

डोंगराळ भागातील वापर

सह्याद्रीतील घाटमाथे व कडे हे हौशी चित्रणाचे आवडते विषय असले तरी नवशिक्यासाठी ती अवघड जागा आहे. नियंत्रकावर दिसणारी उंची ही उड्डाणस्थळापासून मोजलेली असते, ड्रोनच्या थेट खालच्या जमिनीपासून नव्हे. कड्यावरून सोडलेला ड्रोन दरीवर गेला की पडद्यावर ३० मीटर दिसत असताना तो प्रत्यक्षात दरीच्या तळापासून कित्येक शे मीटर उंच असू शकतो आणि नकळत नियमाची मर्यादा ओलांडतो. उलट पायथ्यापासून उडवल्यास परतीची ठरवलेली उंची कड्यापेक्षा कमी पडते.

कड्याला थडकून वर चढणारा वारा हलक्या ड्रोनला लोटतो. म्हणून सुरुवातीला वाऱ्याविरुद्ध जाणे आणि वाऱ्याबरोबर परतणे हा नियम पाळला जातो. उलट केल्यास परतीला बॅटरी अपुरी पडते. बहुतेक लहान ड्रोनना पावसापासून संरक्षण नसते व धुक्यातील ओलावाही मोटरी आणि कॅमेऱ्याला बाधतो. विणीच्या काळात घारींसारखे पक्षी ड्रोनवर झडप घालतात. त्यांच्या घरट्यांजवळ उड्डाण टाळणे पक्ष्यांच्या दृष्टीनेही आवश्यक मानले जाते.

सराव

पहिली उड्डाणे मोकळ्या मैदानात, माणसे व विजेच्या तारांपासून दूर आणि ड्रोन डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरावर केली जातात. ड्रोनचे तोंड चालकाकडे वळल्यावर डावी-उजवी बाजू उलटी होते; नवशिक्यांची अनेक आदळणी या गोंधळातून घडतात. त्यामुळे काही जण कॅमेऱ्याची अपेक्षा न ठेवता आधी खेळण्यातला हलका ड्रोन घरात उडवून नियंत्रणाचा हात बसवतात आणि उरलेली रक्कम गिम्बल व स्थाननिश्चिती असलेल्या ड्रोनसाठी राखून ठेवतात. लोकांच्या घरांवर व खासगी आवारांवर चित्रण केल्यास खासगीपणाचा भंग होतो. कॅमेरा लहान असल्याने ही जबाबदारी कमी होत नाही.

हेही पाहा

– क्वाडकॉप्टर
– हवाई छायाचित्रण
– मानवरहित विमान
– लिथियम-आयन बॅटरी