मुलगा, मुलगी आणि नोंदवही



यवतमाळ जिल्ह्यांतील महागांव तालुक्यांत चिलगव्हाण नांवाचें एक खेडें आहे. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांनीं १९ मार्च १९८६ रोजीं वर्ध्याजवळील पवनार येथें पत्नी व चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा इतिहास बहुधा या दिवसापासून सांगतात. सांगतांना नांव येतें तें कर्त्या पुरुषाचें. त्या चार लेकरांना कोणीं विचारलें होतें?

कर्जानें पिचलेल्या घरांतील निराशा कोवळ्या मुलांपर्यंतहि पोंचते. पण मुलग्यास व मुलीस ती एकाच वाटेनें गांठीत नाहीं. १८९७ सालीं फ्रेंच पंडित एमिल दुर्खीम यांनीं आंकडे मांडून दाखविलें, कीं आत्महत्येनें पुरुष स्त्रियांहून पुष्कळ अधिक मरतात. पुढें पाश्चात्य देशांत असेंहि आढळलें, कीं किशोरवयांत प्रयत्न मुली अधिक करतात, मृत्यु मात्र मुलग्यांचे अधिक होतात.

आपल्याकडे हा सिद्धान्त जसाच्या तसा चालत नाहीं. २०१० सालच्या भारतीय मृत्यूंविषयीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें २०१२ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें पंधरा वर्षांवरील आत्महत्यांपैकीं १५ ते २९ या वयांतील मृत्यु पुरुषांत शेंकडा ४० होते, तर स्त्रियांत शेंकडा ५६! आपल्याकडील स्त्रीवर हें संकट उमेदीच्या वयांतच अधिक कोसळतें. विवाह झालेल्या तरुणीचें दुःख सरकारासहि १९८३ मध्यें ओळखावें लागलें. विवाहानंतर सात वर्षांच्या आंत तिनें आत्महत्या केल्यास चौकशी आवश्यक ठरली.

जी वांचे, तिची कथा निराळी. १८६० च्या दंडसंहितेनें प्रयत्न हाच गुन्हा ठरविला होता. मग घरचीं माणसें ‘पोटांत दुखत होतें’ असें सांगून मोकळीं होत, आणि मुलीचें खरें दुखणें तसेंच राही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा व्यक्तीस दंडाऐवजीं उपचार देण्याची जबाबदारी सरकारावर टाकली. आतां १४४१६ या क्रमांकावर सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेशीं घरबसल्या बोलतां येतें.

आम्हां शिक्षकांचीहि एक नोंदवही असते. शाळा सोडण्याच्या कारणाचा तींत रकाना असतो. मुलगा मजुरीस जाई, मुलगी बोहल्यावर चढे. मीं दोघांपुढें ‘घरगुती कारण’ एवढेंच लिहीत आलों. मुलगा कां बोलत नाहीं आणि मुलीला कां बोलूं देत नाहींत, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हें तेव्हां सुचलें नाहीं.