शेण चुलीत की शेतात?

गोवरी जळते म्हणजे नेमके काय होते? रोजची गोष्ट म्हणून आपण हा प्रश्न सहसा स्वतःला विचारीत नाही. पण शेतकऱ्याच्या नफ्यानुकसानीचा फार मोठा हिशेब त्यात दडलेला आहे. तो आज जरा मांडून पाहू.

झाडाची पाने सूर्याच्या उन्हावर हवेतील कार्बन घेऊन आपले अंग वाढवितात. ते ऊन जणू त्यांच्यात साठून राहते. लाकूड पेटले की त्यातील कार्बनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि साठलेली उष्णता मोकळी होते. ज्वलनाचे हे मर्म फ्रान्सच्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात उलगडून दाखविले. दगडी कोळसा, रॉकेल, गोवरी, सर्वांची जात मुळात हीच. फरक आहे तो कसाचा. एक किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, रॉकेलपासून १०,००० च्या आसपास, तर गोवरीपासून त्याच्या पाव हिश्शाच्या आगेमागे. त्यातही आपली जुनी चूल अशी उधळी की, शंभर भाग उष्णतेतले जेमतेम दहा भाग भांड्याला पोचतात. बाकीचे धुराबरोबर जातात.

आता शेणाची गंमत पाहा. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातला न पचलेला कार्बन शेणात असतो, तसेच नत्रही असते. चुलीला हवा असतो कार्बन. नत्राशी तिला काही कर्तव्य नाही. पिकाला मात्र नत्र हवे. गोवरी जाळली की कार्बन कामी येतो, पण नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत स्फुरद आणि पालाश तेवढे उरतात.

मग आमचा शेतकरी शेण का जाळतो? त्याला खताची किंमत कळत नाही म्हणून, असे पूर्वी पुष्कळ साहेब लोक म्हणत. १८८९ साली डॉ. जॉन व्हेल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ येथील शेती पाहण्यास आले. गावोगाव हिंडून त्यांनी १८९३ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, शेतकरी अडाणी नाही. त्याला सरपण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो. यावर उपाय म्हणून सरपण व चारा यांसाठी राखीव राने वाढवावीत, असे त्यांनी सुचविले. दोष माणसाच्या अकलेत नसून त्याच्या अडचणीत आहे, हे एका परक्या माणसाने सरकारी अहवालात लिहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी वाट निघाली ती दलदलीच्या वायूतून. १७७६ साली इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळला असता वर येणारे बुडबुडे व्होल्टा या शास्त्रज्ञाने गोळा केले. तो वायू पेटत होता. त्यालाच आपण मिथेन म्हणतो. हवा न लागता कुजणाऱ्या पदार्थांतून सूक्ष्म जंतू तो तयार करतात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढून त्यावर दिवे लावले गेले. १९३९ पासून दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पुढे जशभाई पटेल यांनी वर लोखंडी टाकी तरंगत राहील असे संयंत्र बनविले आणि १९६२ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला.

या गोबरगॅसमध्ये युक्ती ती काय? जंतू कार्बनचा काही भाग वायूच्या रूपाने वेगळा काढून देतात. नत्र बहुतेक सारे मागच्या काल्यात राहते. चुलीचा वाटा चुलीला, शेताचा वाटा शेताला! चारपाच जनावरांचे रोजचे सुमारे ५० किलो शेण असले, तर दोन घनमीटर वायू मिळतो. त्यावर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. शिवाय घरातल्या बाईच्या डोळ्यांना धूर लागत नाही, हा लाभ वेगळाच.

अडचणी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. जनावरे हवीत, रोज शेणाइतकेच पाणी हवे, थंडीत वायू कमी निघतो. टाकी गंजली आणि दुरुस्तीला माणूस मिळाला नाही म्हणून पुष्कळ संयंत्रे बंद पडली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गरिबांच्या घरीही सिलिंडर पोचला. पण तो परत भरायचा तर पैसे लागतात, म्हणून कित्येक घरांत चूलही पेटती राहिली आहे.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. गावात गोबरगॅस असेल तर मुलांना तेथे घेऊन जा. एका वाफ्याला गोवरीची राख आणि शेजारच्या वाफ्याला हा काला घालून एकच भाजी लावून पाहा. मुलांनी केलेला हिशेब घरोघर पोचेल, आणि शेण कोठे घालावे हे मग घरातली माणसे आपल्या सोयीने ठरवतील.