लोखंड थकते तेव्हा

८ मे १८४२. रविवारचा दिवस. पॅरिसजवळच्या व्हर्सायला राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ उत्सव होता, बागेतली कारंजी सोडली होती. ती पाहायला गेलेली माणसे संध्याकाळी आगगाडीने पॅरिसला परतत होती. गर्दी मोठी, म्हणून गाडीला दोन इंजिने जोडलेली. म्यूदाँ गावाजवळ पुढच्या इंजिनाची आस, रेल्वेच्या बोलीत ॲक्सल, मोडली. इंजिन कोसळले, त्यावर दुसरे इंजिन आदळले आणि त्यांच्यावर एकेक डबा चढत गेला. इंजिनाच्या निखाऱ्यांनी लाकडी डब्यांनी पेट घेतला. धावत्या गाडीतून कोणी उडी मारू नये म्हणून दारांना बाहेरून कुलपे घालण्याची तेव्हा रीत होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यांत द्युमाँ द्युर्व्हिल हे विख्यात दर्यावर्दी होते, पत्नी आणि मुलासह. दोनच वर्षांपूर्वी हे गृहस्थ अंटार्क्टिकाच्या बर्फातून सुखरूप परतले होते.

कुलपांची रीत फ्रान्सने पुढे सोडली. तो प्रश्न सोपा होता. अवघड प्रश्न असा, की आस मोडलीच का? त्या दिवशी तिच्यावर काही अचाट वजन आले नव्हते. रोज पेलत होती तेच ओझे पेलताना ती काडीसारखी मोडली. मोडलेल्या तोंडाकडे पाहिले तर ते खडीसाखरेसारखे दाणेदार, चमकणारे दिसे. चांगले घडीव लोखंड तर तंतुमय असते. तेव्हा अनेक जाणत्यांनी निष्कर्ष काढला, की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचे स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होते.

हा समज फार चिवट निघाला. माझी नोकरी धातूंच्या तपासणीत गेली. तुटलेला भाग हातात घेऊन ‘साहेब, याचा दाणा बदलला’ असे सांगणारे जुने मिस्त्री मलाही भेटले आहेत. त्यांच्याशी वाद घालावासा मला कधी वाटला नाही. त्यांची नजर बरोबर होती, अर्थ तेवढा चुकत होता. लोखंड जन्मापासूनच स्फटिकांचे असते. एका झटक्यात मोडले की ते स्फटिक उघडे पडतात, एवढेच.

या समजाला पहिला चांगला धक्का दिला तो एका अगदी तरुण स्कॉटिश इंजिनिअरने. विल्यम रँकिन हे त्यांचे नाव, अपघात झाला तेव्हा वय एकवीस. पुढे वाफेच्या इंजिनाच्या शास्त्रात त्यांनी मोठे नाव कमावले. त्यांनी मोडलेल्या आसा बारकाईने पाहिल्या आणि १८४३ मध्ये निबंध लिहिला. त्यांना दिसले ते असे : आसेची जाडी जिथे एकदम कमी होते, त्या काटकोनी खाचेत आधी एक गुळगुळीत चीर पडते. ती कडेकडेने आत सरकत जाते. मधला शाबूत गाभा लहान लहान होत जातो आणि एके दिवशी त्याला वजन पेलवत नाही. सगळी आस बिघडत नाही. एका कोपऱ्यातून दुखणे सुरू होते. म्हणून तो कोपरा गोलसर ठेवा, असे त्यांनी सुचवले. इतका साधा उपाय, पण तो सर्वत्र रुजायला पुष्कळ काळ जावा लागला.

पक्कड हाताशी नसली की आपण तार इकडून तिकडे वाकवून तोडतो. आसेचे तेच होते. डब्याच्या वजनाने ती किंचित वाकते : वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. चाक अर्धे फिरले की वरची बाजू खाली येते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एकदा ताण, एकदा दाब. चाकाचा व्यास नव्वद सेंटिमीटर धरला, तर मुंबई ते पुणे या एका खेपेत असे ६८ हजारांच्या आसपास फेरे होतात.

किती फेरे चालतील? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी निघाली, तेव्हा याचे उत्तर जगात कोणाजवळच आकड्यांत नव्हते. ते शोधले ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अधिकाऱ्याने, ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्टमध्ये. (हे विमानतळाचे फ्रँकफुर्ट नव्हे.) व्होलर यांचे मला विशेष वाटते ते यासाठी, की त्यांनी आधी तर्क केला नाही, मोजले. धावत्या डब्यांखाली उपकरणे बसवून आस प्रत्यक्षात किती वाकते ते १८५८ आणि १८६० मध्ये प्रसिद्ध केले. मग तेवढाच ताण देत लोखंडाचे नमुने यंत्रावर फिरवत ठेवले, काही तर कोट्यवधी फेरे. १८७० पर्यंत चित्र स्पष्ट झाले. एका दमात जे ओझे लोखंड सहज पेलते, त्याच्या निम्म्यानेही ते पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवल्यास मोडू शकते. मात्र ताण एका मर्यादेखाली ठेवला, तर ते मोडत नाही. (ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, हे विमानवाल्यांना नंतर कळले.)

इंग्रजीत या दुखण्याला ‘फटीग’, म्हणजे थकवा, म्हणू लागले. मला हा शब्द थोडा फसवा वाटतो. थकलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी ताजा होतो. चीर पडलेली आस यार्डात महिनाभर उभी ठेवली, तरी तेवढीच चिरलेली राहते.

स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके ठोकत जाणारा माणूस अनेक श्रोत्यांना आठवत असेल. तो आवाज ऐकत असे. धड चाक घंटेसारखे वाजते, चिरलेले बद्द वाजते. पण चीर लहान असेल तर कानाला कळत नाही. म्हणून आता वर्कशॉपमध्ये आसेतून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून आतली चीर शोधतात.

आणि तरीही. ३ जून १९९८ रोजी व्होलर यांच्याच देशात, एशेडे गावाजवळ, ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी रुळांवरून घसरली आणि एका पुलावर आदळली. १०१ माणसे दगावली. जेवणाच्या डब्यातला खडखडाट कमी व्हावा म्हणून या गाड्यांना नव्या धर्तीची चाके बसवली होती : आत चाक, मध्ये रबर, त्यावर पोलादी धाव. नव्या चाकाचा व्यास ९२० मिलिमीटर. हे झिजून ८६२ वर आले होते. ८५४ पर्यंत चालवायला परवानगी होती. रबरावर बसलेली धाव प्रत्येक फेऱ्याला किंचित चपटी होई, आणि झिजून पातळ झाल्यावर अधिकच. चीर पडली ती धावेच्या आतल्या अंगाला, रबराच्या बाजूने, जिथे बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. अपघातानंतर त्या गाड्यांची तशी सगळी चाके काढून एकसंध पोलादाची बसवण्यात आली.