प्रश्नच चुकला असेल तर?

दिवाळीत पुतण्या पुण्याहून नायगावला आला होता. रेल्वे सिग्नलचं सॉफ्टवेअर तपासायचं त्याचं काम. मी विचारलं, "म्हणजे चुका शोधायच्या?" तो म्हणाला, "काका, चुका सापडतात हो. जे करायला सांगितलंय तेच बरोबर आहे का, हे पाहणं अवघड."

बॅरी बोएम या अमेरिकन संशोधकाने १९८४ च्या एका लेखात हे दोन प्रश्न वेगळे केले. सांगितल्याप्रमाणे केलं का? आणि मुळात सांगितलं ते योग्य होतं का? आम्हा मास्तरांच्या भाषेत, उत्तरपत्रिका तपासणं वेगळं आणि प्रश्नपत्रिका तपासणं वेगळं.

मला कोयना आठवली. तिथे गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के एवढा आडवा जोर धरून धरणाचा आराखडा केला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणावरच्या यंत्राने ६३ टक्के नोंदवले! धरण उभं राहिलं, पण त्याला तडे गेले. बांधणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. धरलेला आकडाच तोकडा होता.

आता आमच्या भागातलं. आपल्याकडची दगडमातीची, माळवदाची घरं उन्हाला आणि चोराला पुरून उरायची. जमीन हलली तर काय, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. भूकंपाच्या नकाशातही किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

ऑक्टोबर १९९२ मध्ये तिकडे हादरे बसले. किल्लारीजवळच्या गावातले आमचे पाहुणे अंगणात झोपू लागले. मी भेटायला गेलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "दख्खनचा खडक आहे हा. काही होत नाही, घरात झोपा." वर्गातही मी हेच शिकवत आलो होतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी नायगावातही भांडी वाजली. तिकडे पाहुण्यांच्या घरात चौघं होती. दोघंच बाहेर आली.

पुढे २००२ साली नकाशा सुधारला, किल्लारीचा पट्टा बदलला. असो.

निघताना पुतण्याला विचारलं, "प्रश्न बरोबर आहे की नाही, हे तुम्ही तपासता कसं?" म्हणाला, "आधी तिथे राबणाऱ्या माणसांना विचारतो."

मंडळी, त्या पाहुण्यांना जमिनीचा आवाज ऐकू येत होता. माझ्याजवळ फक्त पुस्तक होतं. आणि मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं.